लिस्बनची सपाट जागा

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं जिथे तिथे वाचायला मिळतं, त्याचं मूळ १६२० सालच्या एका पुस्तकात आहे. निकोलाऊ द ऑलिव्हेरा नावाच्या पाद्र्याने आपल्या शहराचे गोडवे गायला ते लिहिलं. रोमला सात टेकड्या आहेत, मग आम्हाला कमी का, असा सरळ हिशोब. त्याने सात मोजल्या आणि हात झटकले. ग्रासा ही जुन्या गावातली सगळ्यांत उंच टेकडी त्याच्या यादीत नाहीच. माझे गुडघे त्याला भेटले असते, तर त्यांनी ती यादी तिथल्या तिथे दुरुस्त करून दिली असती.

या चढउतारांच्या मधोमध एक पट्टा मात्र सपाट आहे. तेजो नदीच्या काठापासून रोस्सियो चौकापर्यंतचा हा भाग, त्याला बायशा म्हणतात. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, घरं एका उंचीची, खिडक्या एका मापाच्या. दिवसभर किल्ले आणि मठ पाहून दमलेला प्रवासी शेवटी इथे येऊन टेकतो, कॉफी मागवतो, आणि पाहण्यासारखं होतं ते वर पाहून झालं असं समजतो. माझं मत नेमकं उलटं आहे. लिस्बनने जगाला दाखवावी अशी गोष्ट ही सपाट जागाच. पण तिच्यातलं खरं काम जमिनीखाली आणि भिंतींच्या पोटात आहे, त्यामुळे ते कुणाच्या फोटोत येत नाही.

माझी नोकरी तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवण्यात गेली, त्यामुळे दर्शनी भागापेक्षा पायाकडे आधी लक्ष जातं, हा एक दोष. दुसरं म्हणजे मी वसईची. १५३४ ते १७३९ आमच्या गावावर लिस्बनच्या राजाचा अंमल होता, मग चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. तिथल्या चर्चच्या घंटा आज महाराष्ट्रातल्या देवळांत वाजतात. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ सालची आहे. पडक्या चर्चच्या कमानींखाली लहानपणी लपंडाव खेळलेल्या माणसाला लिस्बन पाहायची एक खाजगी ओढ असते. धाकट्या बहिणीची मुलगी तिथे नोकरीला लागली आणि ती ओढ पुरी करायची सोय झाली. तिने फोनवर यादीच करून ठेवली होती. “मावशी, बेलेम सकाळीच उरकून टाकू. नंतर रांग लागते, तुला उभं राहवणार नाही.”

रांग सकाळीही होतीच.

बेलेम शहराच्या पश्चिमेला, नदीकाठी. इथला जेरोनिमस मठ मानुएल राजाने १५०१ मध्ये बांधायला घेतला. वास्को द गामा कालिकतहून परत येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पैसा कुठला, याचं उत्तर हिशोबात सापडतं: आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरचा पाच टक्के कर या बांधकामाला लावून दिला होता, आणि त्याला मिरीच्या नावानेच ओळखत. दगड स्थानिक, फिकट चुनखडी, आणि त्यावर कोरीवकाम असं की हात लावून पाहिल्याशिवाय राहवत नाही: जहाजांचे पिळाचे दोर, गाठी, वेली, पोवळी. आत शिरताच एका बाजूला गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कामोंइश कवीची. दोन्ही एकोणिसाव्या शतकात इथे आणून बसवल्या आहेत. लोक गामाच्या दगडी हातांचे फोटो घेत होते. मला छताचे खांब बघायचे होते, कारण मधल्या दालनाचं ते उंच जाळीदार छत इतक्या सडपातळ खांबांवर तोलणं हे हिंमतीचं काम आहे, आणि १७५५ च्या भूकंपात ते उभं राहिलं.

तिथून थोडं चालून गेलं की बेलेमचा मनोरा. १५१४ ते १५१९ या काळात नदीच्या तोंडाशी पहारा म्हणून बांधलेला. वर चढायची रांग पाहून मी खालीच बसले. पण एक गोष्ट शोधून काढली: एका छोट्या बुरुजाच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, आता पाण्या-वाऱ्याने झिजून ओळखू न येण्यासारखं झालंय. हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने गोव्याहून जहाजात घालून राजाला धाडला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. युरोपात कित्येक शतकांत कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. चित्रकार ड्युररने जर्मनीत बसून, ऐकीव वर्णनावरून त्याचं चित्र कोरलं, तेच पुढे शेकडो वर्षं गेंड्याचं चित्र म्हणून चाललं. राजाने तो पोपला नजराणा म्हणून पुढे पाठवला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो साखळदंडांसकट मेला.

बेलेमवरून लोकल गाडी समुद्राकडे जाते. त्या मार्गावर कॅशियास नावाचं स्टेशन आहे. तिथल्या तुरुंगात मोहन रानडे होते. गोवामुक्तीसाठी १९५५ मध्ये पकडले गेले, गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या कोठडीतच राहिले, सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी किती धावपळ केली होती, हे आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होतं. भाचीला ते नाव माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तिने फोनवर स्टेशनं मोजली. पण यादीत पुढे किल्ला होता.

बेलेम भूकंपातून निभावलं याचं कारण जमीन. खाली खडक पक्का. आणि राजघराणंही त्या सकाळी इथेच होतं, पहाटेची प्रार्थना उरकून सणासाठी गावाबाहेर आलेलं, म्हणून वाचलं. जोझे राजाने मात्र त्यानंतर दगडी छताखाली राहायला साफ नकार दिला. जवळच्या आजुदा टेकडीवर आधी तंबू पडले, मग लाकडाचा राजवाडा उभा राहिला, आणि दरबार तिथेच भरत राहिला. राजाच्या भीतीला हसायचं कारण नाही. भूकंपानंतर कित्येक रात्री अंगणात झोपणारी माणसं मी पाहिली आहेत. लाकडी राजवाड्याचं पुढे काय झालं? १७९४ मध्ये तो जळाला.

किल्ल्यावर जायला अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम. छोटी, एकाच डब्याची, वळणं इतकी अरुंद की शेजारच्या घराच्या खिडकीतून हात घातला तर चहाचा कप उचलता यावा. पण थांब्यावरची गर्दी पाहून भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही चालायला लागलो. या गावात चढ सोपे करायचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. राउल मेनिए द पोंसार्द हा पोर्तु शहरात जन्मलेला अभियंता, त्याने टेकड्यांवर चढणाऱ्या दोरीच्या गाड्या बसवल्या: लाव्रा १८८४, ग्लोरिया १८८५, बिका १८९२. बायशातला सांता जुस्ता हा ४५ मीटर उंचीचा लोखंडी पाळणाही त्याचाच, १९०२ चा. एक डबा उतरताना दुसरा वर ओढायचा, हे त्यातलं साधं तत्त्व. मी गेले तेव्हा ग्लोरिया चालू होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिची केबल सुटली, वरचा डबा घसरत येऊन आदळला आणि १६ माणसं गेली. बातमी वाचली तेव्हा ज्या बाकावर आम्ही बसलो होतो तोच डोळ्यांसमोर आला.

आता लिस्बनच्या पदपथाबद्दल. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बसाल्टचे सुपारीएवढे, फार तर मुठीएवढे तुकडे, त्यांची नक्षी. दिसायला देखणं, चालायला वैरी. पावलांनी घासून घासून दगडाला तुकतुकी आलेली असते, त्यात उतार, त्यात पाण्याचा शिडकावा झाला की संपलंच. किल्ल्याच्या वाटेवर एक कारागीर दुरुस्तीला बसला होता. बुटक्या स्टुलावर, दोन्ही गुडघे पसरून, कडेला दगडांचा ढीग. एक दगड डाव्या तळहातात घ्यायचा, फिरवून बघायचा, उजव्या हातातल्या हातोडीच्या धारेने दोन नाहीतर तीन टोले, कपची उडते, दगड खाली जाऊन आपल्या जागी बसतो. तळहाताशिवाय ऐरण नाही. खाली दगडाच्या भुकटीची गादी, दोन दगडांत जेमतेम बोटाच्या नखाएवढी फट. मी बराच वेळ पाहत उभी राहिले. त्याने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. शहरभर पसरलेल्या या नक्षीची सुरुवात याच किल्ल्यात झाली. १८४२ मध्ये इथल्या किल्लेदाराने, युझेबियो फुर्तादोने, कैद्यांकडून परेडचं मैदान नागमोडी नक्षीत फरसबंद करून घेतलं. लोक बघायला येऊ लागले, मग रोस्सियो चौकात लाटांची नक्षी आली, मग सगळं शहर. आता हे काम करणारे हात कमी झालेत. १९८६ मध्ये नगरपालिकेने त्यासाठी शाळा काढली.

साओ जॉर्जचा किल्ला ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिक्स याने धर्मयोद्ध्यांच्या मदतीने मुसलमान सत्तेकडून घेतला. आज जो रेखीव, कंगोरेदार, चित्रातल्यासारखा किल्ला दिसतो त्याचं बरंचसं बांधकाम १९३८ ते १९४० या काळातलं, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतलं. राष्ट्राला आठशे वर्षं झाल्याचा सोहळा होता, त्याला शोभेसा किल्ला हवा होता. नंतरच्या काळातल्या बराकी पाडल्या, भिंती उंचावल्या. भाची म्हणाली, “म्हणजे हा खोटा?” अगदी तसं नाही. पण वसईच्या किल्ल्याची झाडाझुडपांत बुडालेली तटबंदी मला जास्त प्रामाणिक वाटते, आणि हे केवळ माहेरच्या अभिमानातून म्हणत नाहीये.

किल्ल्यात मला एक जागा शोधायची होती. इथल्या एका बुरुजात कित्येक शतकं पोर्तुगालचं सरकारी दफ्तर होतं, त्याला टोरे दो तोंबो म्हणत. नवी इमारत झाली तरी नाव तेच राहिलं. अल्बुकर्कने गोव्याहून राजाला लिहिलेली पत्रं त्या दफ्तरात आहेत. भूकंपात बुरूज कोसळला. त्या वेळी दफ्तराचा मुख्य रक्षक होता मानुएल द माया नावाचा म्हातारा. जन्म १६७७ चा, म्हणजे वय अठ्ठ्याहत्तर. त्याने ढिगाऱ्यातून कागद काढवले, किल्ल्याच्या मैदानातच लाकडी झोपडी बांधून त्यात भरले आणि दोनेक वर्षांनी एका मठात हलवले. नदीकाठच्या राजवाड्यातलं ग्रंथालय मात्र जळून गेलं. ‘काझा दा इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, तीही कागदांसकट गेली. गामाच्या नंतरच्या पहिल्या सफरींचे हिशोब आज अर्धवटच मिळतात, त्याचं एक कारण ती सकाळ. मानुएल द माया नसता तर उरलेलंही पावसात भिजून संपलं असतं.

हाच माणूस राज्याचा मुख्य अभियंताही होता. लिस्बनला पाणी आणणाऱ्या जलसेतूवर त्याने काम केलं होतं. आल्कांतारा खोऱ्यावरच्या त्याच्या ३५ कमानी आजही उभ्या आहेत, सगळ्यांत उंच कमान ६५ मीटर. भूकंपाने त्यांना काही केलं नाही. शहरातल्या मोठ्या चौकात सिंहासोबत उभा आहे तो पोंबालचा पुतळा, आणि मार्गदर्शकांच्या तोंडी नाव येतं तेही पोंबालचंच. तो जोझे राजाचा मंत्री होता, भूकंपानंतर शहर पुन्हा उभारायचे हुकूम त्याने दिले, ते खरं. पण नव्या शहराचा विचार या म्हाताऱ्याच्या डोक्यातून निघाला.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले. चर्च माणसांनी भरलेली, वेद्यांवर मेणबत्त्या. काही मिनिटांत लागोपाठ धक्के बसले. लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठच्या चौकाकडे पळाले, आणि तिथे साधारण चाळीस मिनिटांनी पाणी आधी मागे हटलं, मग भिंतीसारखं आलं. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेली आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला. त्याच वर्षी उघडलेलं ऑपेरागृह सात महिन्यांत राख झालं. सर्व संतांच्याच नावाचं मोठं इस्पितळ रुग्णांसकट जळालं. किती माणसं मेली याचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. बायशा सगळ्यांत वाईट झोडपली गेली, कारण ती जागा मुळात नदीच्या एका खाडीचा भराव. मऊ गाळावरची घरं धक्क्यात किती जास्त हलतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलंय.

पोंबालने लुटारूंना फाशी दिली, धान्याचे भाव बांधले, प्रेतं बोटीतून समुद्रात नेऊन टाकायला लावली, परवानगीशिवाय घर बांधायचं नाही असा हुकूम काढला. आणि सगळ्या परगण्यांतल्या पाद्र्यांना एक प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, नंतर किती धक्के आले, समुद्र आधी चढला की उतरला, विहिरींचं पाणी बदललं का, किती घरं पडली. उत्तरं अजून टोरे दो तोंबोमध्ये जपलेली आहेत आणि भूकंपशास्त्राचे अभ्यासक आजही ती वाचतात. देवाचा कोप म्हणून सांगणारे कमी नव्हते. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्र्याने तसं पुस्तकच काढलं. पोंबालने त्याला आधी हद्दपार केलं, आणि १७६१ मध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, हातून जाळवलं. पोंबालचा गौरव करताना हेही सोबत ठेवावं लागतं. गोव्याचं इन्क्विझिशन १७७४ मध्ये त्यानेच बंद केलं होतं. तो पायउतार झाल्यावर ते पुन्हा सुरू झालं आणि कायमचं मिटलं १८१२ मध्ये. असल्या माणसाचा एकच हिशोब मांडता येत नाही.

मानुएल द मायाने डिसेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत आपला अहवाल भागाभागांनी लिहिला. त्यात पाच वाटा मांडल्या. एक, शहर होतं तसंच बांधावं. दोन, उंची तीच, रस्ते रुंद. तीन, रस्ते रुंद आणि घरांचे मजले कमी. चार, बायशा पूर्ण साफ करायची, पडक्या घरांचं डबर पसरून जमिनीची पातळी उंचवायची आणि नवे रस्ते आखायचे, घर रस्त्याच्या रुंदीपेक्षा उंच होऊ द्यायचं नाही. पाच, हे शहर सोडायचं आणि बेलेमच्या बाजूला पक्क्या जमिनीवर नवं वसवायचं. प्रत्येक वाटेचे फायदे-तोटे, मालकीहक्काची भानगड, सांडपाण्याच्या नाल्या, सगळं त्यात आहे. असा अहवाल आजच्या एखाद्या सल्लागार कंपनीने दिला तर त्याचं बिल काही कोटींत येईल.

सप्टेंबर १९९३ च्या अखेरीस किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या विभागातल्या लोकांबरोबर मीही पाहणीला गेले होते. दगड-मातीच्या भल्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या, आणि कित्येक घरांत खणाचे लाकडी खांब मात्र जागच्या जागी उभे होते. तिथे शासनाने पाचवी वाट घेतली: बावन्न गावं उचलून नव्या जागी नेली. रस्ते रुंद, घरं मोकळी. पण शेत जुन्या गावाशी आणि उंबरा नव्या गावात, ही कुरकुर नंतर बरीच वर्षं कानावर येत राहिली. म्हणून मानुएल द मायाने पाचवी वाट मांडली असूनही लिस्बनने चौथी घेतली, यात मला शहाणपणा दिसतो. व्यापारी, धक्का, बाजार, जमिनीचे मालक हे सगळे बायशात होते. गाव हलवलं तरी लोक पुन्हा त्याच गाळावर येऊन बसले असते, मग तो गाळच सांभाळायला शिकलेलं बरं.

आराखडा युजेनियो दोस सांतोस आणि मूळचा हंगेरीचा कार्लोस मार्डेल यांनी काढला, १७५८ मध्ये मंजूर झाला. रस्ते धंद्यांना वाटून दिले: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, मोच्यांचा, खोगीर करणाऱ्यांचा, कापडवाल्यांचा. नावं अजून आहेत, दुकानांत आता किल्ल्याचे चुंबक विकतात. खिडकीच्या चौकटी, दारं, लोखंडी कठडे, फरशा सगळं ठरलेल्या मापात आधी तयार करून आणलं जाई. दोन घरांच्या मध्ये छपराच्या वर चढणारी आगभिंत. बाहेरून हे सगळं जरा रुक्ष वाटतं, मान्य आहे. त्या बारोक काळात इतकी साधी घरं बांधायला हुकूमशाही लागली असेल.

पाया पाहायचा असेल तर खोगीरवाल्यांच्या रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात जावं लागतं. १९९० च्या दशकात इमारतीचं काम काढलं तेव्हा खाली रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या निघाल्या, मोझेकची फरशी निघाली, एका कबरीतला सांगाडा निघाला. बाकीचे पाहुणे सांगाड्याभोवती जमले. मी आणि भाची एका कोपऱ्यात वाकून लाकडाचे खुंट पाहत होतो. पाइनचे, सालीसकट काळे पडलेले, गाळात एकाशेजारी एक ठोकलेले, वरून आडव्या लाकडांनी बांधलेले. त्यावर अडीचशेहून जास्त वर्षं एक इमारत उभी आहे. ओल्या गाळात, हवा न लागता, लाकूड कुजत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की मात्र त्याचे दिवस भरतात.

पायाच्या वर तळमजला दगडी, कमानींचा. आणि त्याच्या वर ‘गायोला’, पिंजरा. उभे-आडवे लाकडी खांब आणि त्यांच्या प्रत्येक चौकटीत फुलीच्या आकाराच्या दोन तिरक्या फळ्या, एकमेकींत अर्ध्यात अर्धं खाचून बसवलेल्या. सुतार आधी हा सांगाडा चढवत, मग गवंडी त्यात डबर आणि चुना भरत, वरून गिलावा. भिंत पूर्ण झाली की लाकडाचा मागमूस दिसत नाही. धक्का आला की दगड निखळतील, पण पिंजरा बुरडाच्या टोपलीसारखा दबेल, वाकेल आणि माणसं आत जिवंत राहतील. नमुना करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं आणि तो हलतो कसा हे पाहिलं, अशी कथा सांगतात. अलीकडे पोर्तुगालच्या राष्ट्रीय स्थापत्य प्रयोगशाळेत पाडायला घेतलेल्या एका इमारतीतून अशा खऱ्या भिंती काढून आणल्या आणि यंत्रावर मागे-पुढे ढकलून पाहिल्या. चांगल्या उतरल्या. शिकलेले सुतार आणि मंत्र्याचा धाक यांच्या जोरावर उभी राहिलेली ही गोष्ट प्रयोगशाळेत जाऊन पास झाली, याचा मला उगाच आनंद झाला.

संध्याकाळी आम्ही बायशातल्याच एका खानावळीत शिरलो. भाचीला ती मुद्दाम दाखवायची होती, कारण मालकाने एका भिंतीचा गिलावा खरवडून लाकडाची फुली उघडी केली होती, वर पिवळा दिवा सोडला होता. “बघ मावशी, तुझा पिंजरा!” मी जवळ जाऊन पाहिलं. सांध्यातल्या खिळ्याचं डोकं हाताने ठोकून केलेलं, लाकडावर रंध्याच्या नव्हे तर वाकसाच्या खुणा. फार सुंदर. पण फुलीच्या मधलं डबरही काढून टाकलं होतं, आरपार दिसावं म्हणून. तिरकी फळी एकटी काही करत नाही, भोवतीच्या दगड-चुन्याने तिला घट्ट धरलं तरच ती वाकताना जोर खाते. मी मान वर केली. छताला एक लोखंडी तुळई, नवी. तिच्या सरळ खाली एक भिंत असायला हवी होती, ती नव्हती. तिच्या जागी टेबलं होती, त्यातलंच एक आम्हाला दिलं होतं.

भाचीने पोर्तुगीजमध्ये विचारलं, ही भिंत कधी काढली? वाढपी भला माणूस होता, त्याने आत जाऊन मालकाला विचारून आणलं: आम्ही जागा घेतली तेव्हा नव्हतीच. बायशात हे ठायी ठायी झालंय. एकोणिसाव्या शतकात वर मजले चढले, विसाव्यात खाली दुकानांना मोठी काच हवी म्हणून भिंती गेल्या, आता वर हॉटेलं होतायत आणि आतलं सगळं काढून नुसता दर्शनी भाग ठेवतायत. बाहेरून बायशा अगदी पोंबालच्या काळातलीच दिसते. आतला पिंजरा किती घरांत शाबूत आहे, हे घरोघर गिलावा टोकरून पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि गिलावा टोकरायला कोण परवानगी देणार?

“मावशी, मग इथे बसणं बरं आहे ना?” भाचीने विचारलं.

म्हटलं बस, सूप येऊ दे. फक्त ते कोपऱ्यातलं, आगभिंतीला लागून असलेलं टेबल रिकामं आहे का विचार.